विहिरीतल्या बुडीपासून समुद्रातल्या भाल्यापर्यंत: मराठवाड्यातून स्पिअरफिशिंग शिकणाऱ्यांसाठी

आमच्या गावापासून समुद्र एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर आहे. तरी पाण्याखाली जायची हौस मराठवाड्यातल्या पोरांना काही कमी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्याने विहिरीच्या कठड्यावरून मुटका मारलाय, तळाच्या गाळाची मूठ वर आणून सगळ्यांना दाखवलीय, त्याने स्पिअरफिशिंगचा एखादा व्हिडिओ पाहिला की त्याला वाटतंच, हे आपल्याला जमेल. मलाही तसंच वाटलं होतं. जमलं, पण तीन हंगाम गेले, चुकीच्या सामानात पैसे गेले आणि एकदा जीव जाता जाता राहिला. विचारायला जवळ कोणी नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे आहे काय ते सांगतो. पाठीवर हवेची टाकी न घेता, एका दमात खाली जायचं, मासा पारखायचा, त्याला भाल्याने टिपायचं आणि वर यायचं. टाकी लावून भाला चालवायला अनेक देशांत बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण माशाला निसटायची संधीच उरत नाही. म्हणजे या खेळाचा पाया भाला नसून दम आहे. त्यामुळे सुरुवातही दमापासूनच करू.

१. विहिरीत लागलेल्या दोन सवयी आधी मोडा

कमरेला दोर, पाठीला रिकामा कॅन आणि वरून काकाचा धक्का. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोहणं असंच सुरू झालं. त्यातून पाण्याची भीती गेली, ही मोठी कमाई. पण त्याच विहिरीत दोन वाईट सवयी लागतात. पहिली म्हणजे पैज: कोण जास्त वेळ खाली राहतो. दुसरी, बुडी मारण्याआधी भात्यासारखे दहा-बारा श्वास जोरजोरात ओढायचे.

ही दुसरी सवय माणूस मारते. श्वास घ्यावासा वाटतो तो शरीरातला प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. जोरजोरात श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. प्राणवायू मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, कारण निरोगी माणसाचं रक्त आधीच त्याने ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. तुम्ही दम वाढवलेला नसतो, फक्त धोक्याची घंटा काढून टाकलेली असते. मग घंटा वाजायच्या आतच शुद्ध जाते.

माझं तेच झालं. शहरातल्या एका जलतरण तलावात, संध्याकाळच्या वेळी, मी पाण्याखालून दोन फेऱ्या मारायच्या ठरवल्या होत्या. काठाला धरून जोरजोरात श्वास ओढले आणि निघालो. पहिली फेरी सहज झाली. वळलो, तळाच्या फरशीवरची काळी पट्टी डोळ्यांखालून मागे सरकत होती, आणि मला चक्क छान वाटत होतं. छातीत कळ नाही, घशात धडधड नाही. त्या पट्टीनंतरचं मला काहीच आठवत नाही. पुढची आठवण काठावरची आहे: गालाखाली गरम फरशी आणि माझं नाव घेऊन ओरडणारा मित्र. तो त्या दिवशी लवकर निघणार होता. चप्पल घालायला काठावर बसला होता, म्हणून त्याला मी दिसलो.

खोल पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. आपल्याकडे विहीर परसाने मोजतात. सहा परस पाणी म्हणजे साधारण दहा मीटर धरा. तिथे दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि फुप्फुसातली हवा दबून निम्म्या जागेत मावते. दाबामुळे उरलासुरला प्राणवायूही रक्तात नीट उतरत राहतो, म्हणून खाली बरं वाटतं. वर यायला लागलं की दाब झपाट्याने उतरतो आणि त्याबरोबर प्राणवायूचा जोरही. म्हणून शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा वर येतानाच्या शेवटच्या काही मीटरांत, नाहीतर डोकं बाहेर काढून एक-दोन श्वास घेतल्यावर. आणि काठावरच्या लोकांना तर वाटतं, आला वर, सुटला!

यातून निघणारा नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही: एक खाली, तर एक वर. वरचा माणूस फक्त खालच्यावर नजर ठेवणार. खालचा वर आल्यावरही ३० सेकंद त्याच्या तोंडाकडे बघत राहणार. शुद्ध गेली तर त्याचा वजनाचा कमरपट्टा सोडायचा, हनुवटीखाली हात देऊन तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, गालावर फुंकर मारायची, थोपटायचं, नावाने हाक मारून ‘श्वास घे’ म्हणायचं. काही सेकंदांत श्वास आला नाही, तर तोंडाने दोन श्वास द्यायचे आणि तसंच धरून काठाकडे किंवा बोटीकडे न्यायचं. हे जोडीदाराबरोबर तलावात वीस-पंचवीस वेळा करून बघा. वाचून येत नाही.

आणि विहिरीत दम धरायचा सराव अजिबात करू नका. काठ उभा असतो, बेशुद्ध माणूस वर ओढता येत नाही. मोटारीची वायर पाण्यात लोंबत असते. आत उजेड नसतो. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत तर पाण्यावरच्या हवेतच प्राणवायू कमी असू शकतो.

२. डॉक्टर आणि कागदपत्रं

हे महिनाभर आधी उरका. लागतं ते असं:

- कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी. कानाच्या पडद्याला भोक, जुना सायनस, नाकाचं वाकडं हाड असेल तर आधी त्याचा बंदोबस्त.
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका. कोर्सच्या फॉर्मवर हे प्रश्न असतात आणि ते तुमच्याच जिवासाठी असतात.
- ओळखपत्राच्या प्रती. लक्षद्वीपला जायचं असेल तर प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी आपल्या पोलीस ठाण्याचा दाखला काढावा लागतो. त्यात वेळ जातो.
- जिथे भाला घेऊन उतरायचं, तिथल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचं लेखी उत्तर. ‘सगळे करतात, चालतं’ हे उत्तर नव्हे.

३. पैसे आधी कोर्सवर खर्च करा

नवा माणूस हटकून उलटं करतो: आधी स्पिअरगन (रबराच्या ताणाने भाला सोडणारी बंदूक) घेतो, मग शिकायचं बघतो. तुम्ही आधी फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे टाकीविना एका दमात बुडी मारण्याचा, पहिल्या पातळीचा कोर्स करा. दोन-तीन दिवसांचा असतो: थोडा वर्गात, थोडा तलावात, थोडा समुद्रात दोरीच्या आधाराने. साधारण १० ते २० मीटरपर्यंत नेतात. आयडा, पॅडी, एसएसआय या आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं भारतातले प्रशिक्षकही देतात. प्रशिक्षकाला दोन गोष्टी विचारा: समुद्रातल्या सत्रात एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, आणि बेशुद्ध जोडीदाराला वर आणण्याचा सराव किती वेळा करून घेतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा प्रशिक्षक शोधा.

तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून बुडी) प्रशिक्षण संस्था आहे. तिथे भाला शिकवत नाहीत, स्कूबा शिकवतात. पण समुद्राच्या पाण्याखाली पहिल्यांदा डोळे उघडायला आपल्या लोकांना ती जागा चांगली आहे.

४. घरी बसून करायचा सराव

कान सोडवणं, म्हणजे पाण्याच्या दाबाने दडलेला कान मोकळा करणं, हे सगळ्यात अवघड आणि ते पाण्याविनाच शिकायचं असतं. विहिरीत तीन परसांवर कान दडला की आपण नाक दाबून जोर लावतो. ती पद्धत डोकं खाली असताना लवकर थकते, कारण छातीतून हवा वर ढकलायला जोर पुरत नाही. त्याऐवजी जिभेने हवा ढकलायला शिका. याला फ्रेंझेल पद्धत म्हणतात.

आपल्याला ती आपल्या बाराखडीनेच समजते. आरशासमोर बसा, नाक चिमटीत धरा. ‘क’ म्हणायच्या बेतात थांबा: जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटतो, तो जाणवून घ्या. मग ‘त’च्या बेतात थांबा: जिभेचं टोक दातांमागे हवा अडवतं. आता घसा बंद ठेवून, जीभ ‘त’च्या जागी टेकवून, तिचा मागचा भाग पिस्टनसारखा वर-मागे दाबा. नाकपुड्या चिमटीत फुगल्या आणि कानात ‘टक्’ झालं की जमलं. गळ्याचा खडा हलायला हवा, पोट हलता कामा नये. मला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी शेतात मोटार चालू करायला जाता जाता अचानक जमलं आणि मी बांधावरच उभा राहून पन्नास वेळा केलं.

दम वाढवण्याचा सराव अंथरुणावर पडून करा. एक मिनिट दम धरायचा, दोन मिनिटं विश्रांती. पुन्हा एक मिनिट, मग पावणेदोन मिनिटं विश्रांती. अशी विश्रांती दर वेळी पंधरा सेकंदांनी कमी करत आठ फेऱ्या. आठवड्यातून तीनदा बास. पाण्यात एकट्याने नाही, गाडी चालवताना नाही, बाथरूममध्येही नाही.

५. कुठे उतरायचं आणि कुठे नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो: ‘अरे, जायकवाडी आहे ना जवळ, मग कोकणात कशाला?’

जायकवाडीत नको. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. आपल्या धरणांतली मासेमारी बहुतेक करून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यांनी पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलं असतं. तिथला कटला-रोहू भाल्याने मारणं म्हणजे भोई बांधवांच्या ताटातला घास उचलणं. शिवाय पाणी इतकं गढूळ की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. खाली बुडालेली बाभळीची झाडं, जुन्या गावांच्या भिंती, फाटकी जाळी. माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी, कुठेही गेलात तरी हेच सांगेन.

समुद्रातही सगळीकडे मोकळं रान नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे कॅमेरा चालेल, भाला नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, माशांच्या विणीसाठी. तुमच्याकडे नौका नसली तरी तो काळ तुम्हीही पाळा. तेव्हा तसंही पाणी लाल गढूळ असतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवून दिला आहे. तो तक्ता छापून घ्या, सामानाच्या पिशवीत ठेवा. समुद्री कासवं, समुद्रघोडे, प्रवाळ, व्हेल शार्क, महाकाय गोबरा या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ओळख पटली नाही तर भाला सोडायचा नाही. केंड मासा विषारी, तो पिशवीत येता कामा नये.

परवानगी मिळाली नाही, तर नाराज होऊ नका. पुढचा कॅमेऱ्याचा भाग वाचा आणि भाल्याशिवाय उतरा. माझे काही सगळ्यात सुंदर दिवस भाला घरी ठेवूनच गेलेत.

आता दिवस कसा निवडायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, पाणी जोरात हलतं आणि तळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती असते, तेव्हा पाणी शांत. कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशेब आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेनेही करता येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा अंदाज झाला, पक्क्या वेळेसाठी भरतीचा छापील तक्ता बघा. आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, काय म्हणतो ते शेवटचं. ‘पाणी गढूळ आसा, आज उतरू नको,’ असं ज्या सकाळी त्याने सांगितलं, त्या सकाळी मी हट्ट केला नाही. एवढं एक तरी पहिल्यापासून बरोबर केलं.

एक सापळा आपल्याच लोकांचा. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये जागायचं, सकाळी दोन कप चहा मारायचा आणि दहाला पाण्यात. झोप नाही, अंगात पाणी नाही. अशा अंगाने दम निम्मा होतो आणि कानही सुटत नाहीत. पहिला दिवस झोपेचा आणि काठावरून समुद्र बघण्याचा ठेवा.

६. सामान: काय घ्यायचं, काय नाही

*मास्क.* काच डोळ्यांच्या जवळ असलेला, आत हवा कमी मावणारा. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर गळतो, वरच्या ओठापाशी थोडी कापावी लागते. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नका, त्यात नाक धरता येत नाही.

*स्नॉर्केल.* साधी वाकडी नळी. खाली जाताना तोंडातून काढायची.

*फिन्स.* म्हणजे पोहताना पायात घालायच्या वल्ह्यांसारख्या पट्ट्या. लांब पात्याच्या, पूर्ण पायाच्या. सुरुवातीला प्लास्टिकच्याच घ्या. कार्बनच्या महाग असतात आणि पहिल्याच खडकावर तडकतात.

*वेटसूट.* अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. कोकणच्या पाण्याला दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा पुरतो. थंडीपेक्षा खडक आणि जेलीफिशपासून अंग वाचवायला तो हवा.

*वजनाचा पट्टा.* रबरी, एका झटक्यात सुटणाऱ्या बकलाचा. इथे गोड्या पाण्यात शिकलेल्यांची चूक होते. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे ७० किलोच्या माणसाला समुद्रात पावणेदोन किलोच्या आसपास जास्त शिसं लागतं. तलावात ठरवलेलं वजन समुद्रात चालत नाही. आणि मग ‘खालीच जात नाही’ म्हणून लोक एकदम चार-पाच किलो वाढवतात, हे त्याहून वाईट. कसोटी अशी: पृष्ठभागावर श्वास पूर्ण सोडल्यावरही तुम्ही तरंगायला हवेत. एकेक किलो वाढवत बघा.

*तरंगता बोया, झेंडा आणि दोरी.* भडक रंगाचा बोया, त्यावर झेंडा, वीसेक मीटर दोरी. बोटवाल्याला तुम्ही दिसत नाही, बोया दिसतो. यात काटकसर नको.

*सुरी.* छोटी, दंडाला किंवा पट्ट्याला. माशासाठी कमी, फाटक्या जाळ्यात पाय अडकला तर जास्त.

*भाला.* सुरुवात पोल स्पिअरने करा, म्हणजे मागे रबर लावलेला साधा हातभाला. मारा जेमतेम एक-दीड मीटर, पण त्याने माशाजवळ जायला शिकवलं. स्पिअरगन नंतर. गढूळ पाण्यात ७५ ते ९० सेंटिमीटरची बास. व्हिडिओत दिसतात त्या लांबलचक गना निळ्या खुल्या समुद्रातल्या असतात. इथे दोन-तीन मीटरच दिसत असेल तर लांब गन फिरवताही येत नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे मारायचं नसतंच, कारण पलीकडे जोडीदार असू शकतो.

गन विमानाने नेणार असाल तर विमान कंपनीला आधी लेखी विचारा. केबिनमध्ये ती नेता येत नाही.

७. पाण्यात

गन भरणे-सोडणे पाण्यातच. काठावर नाही, बोटीत नाही, फोटोसाठी नाही. कोरड्या हवेत सोडलेली गन दोरा तोडून भाला कुठेही फेकू शकते. भरताना दांडा छातीच्या हाडावर टेकवा, टोक जोडीदारापासून दूर, दोन्ही हातांनी रबर समान ओढा. छातीला पॅड नसेल तर पहिल्या दिवशी निळा डाग पडतो. सेफ्टीचा खटका आहे म्हणून भरलेली गन कुणाकडे रोखायची नाही. खटका गंजतो.

नेमबाजीचा सराव वाळूच्या तळावर, उथळ पाण्यात, दोरीला बांधलेल्या नारळावर करा. मास्कमधून वस्तू आहे त्यापेक्षा पाऊण अंतरावर दिसते: चार मीटरवरचा नारळ तीनवर वाटतो. म्हणून नव्या माणसाचे भाले नेहमी अलीकडे पडतात. शंभर वेळा मारल्यावर डोळ्याला हा फरक आपोआप कळतो.

बुडीआधी पृष्ठभागावर पालथं पडून दोन मिनिटं शांत, पोटातून श्वास. मोजायचे नाहीत, ओढायचे नाहीत. शेवटचा श्वास पूर्ण. कमरेतून वाकून डोकं खाली, पाय सरळ वर हवेत. पायांच्या वजनानेच अंग खाली सरकायला हवं. कान दुखायच्या आधी सोडवा, दर मीटरला. दुखला तर वळा. ‘थोडंच राहिलंय’ म्हणून रेटायचं नाही, पडदा फाटतो.

शिकारीच्या तीन-चार पद्धती आहेत, पण नवख्याने एकच शिकावी: थांबणं. माशामागे पोहून मासा मिळत नाही. तळाशी खडकाच्या आडोशाला पोट टेकवायचं, गन पुढे, मान खाली, डोळे माशावर रोखायचे नाहीत. वाळूत बोटांनी हलकी खरखर करायची. मासा चौकस असतो, बघायला येतो. माझी पहिली तांबोशी अशीच आली. सहा मीटर खोलीवर, आधी हिरवट धूसरातून नुसती हालचाल, मग अंगाची लाली, मग ती आडवी वळली आणि एक गोल डोळा थेट माझ्याकडे. कानात माझ्याच रक्ताचे ठोके ऐकू येत होते. नेम डोळ्याच्या थोडा मागे, जिथे कल्ल्याची वरची कड आणि कण्याची रेघ मिळते, तिथे. भाला लागला आणि ती जागीच थरथरली, पळाली नाही. असाच मारावा. पोटात लागलेला मासा भाल्यातून सुटून कुठेतरी कपारीत मरतो, ना तुमच्या कामाचा ना समुद्राच्या. खात्रीचा नेम नसेल तर सोडून द्या.

मासा हातात आला की कल्ल्यात बोटं घालून घट्ट धरा आणि सुरीचं टोक डोळ्यांच्या मागे-वर मेंदूत घाला. त्याचे हाल लांबवू नका. आणि एक गोष्ट घोकून ठेवा: भाला कपारीत अडकला, मासा खाली राहिला, तर दोरी सोडून वर या. बोया तिथेच आहे, दोरी तिथेच आहे. दम घेऊन पुन्हा जाता येतं.

वर आल्यावर आधी श्वास घ्या, सोडू नका. झटकन आत, क्षणभर धरा, हलकेच बाहेर. असे चार-पाच. मग जोडीदाराला बोटांनी ‘ठीक’ची खूण. बुडी जेवढी, त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती. एक मिनिट खाली राहिलात तर दोन मिनिटं वर.

८. चित्रीकरण

कॅमेरा शेवटी घ्या. दहा-पंधरा दिवस पाण्यात झाल्यावर. कारण कॅमेरा चालू असला की माणूस आणखी पाच सेकंद खाली थांबतो: मासा फ्रेममध्ये येऊ दे म्हणून. मी थांबलोय, म्हणून सांगतोय.

दुसरा सापळा याहून मोठा. दोघे जातात, एक बुडी मारतो आणि जोडीदार त्याचं चित्रीकरण करतो. दिसायला तो बघतोय, पण खरं तर तो स्क्रीन बघतोय. चित्रीकरण करायचं तर तीन माणसं हवीत: एक शिकारी, एक पहारा, एक कॅमेरा. तिसरा नसेल तर कॅमेरा शिकाऱ्याच्या डोक्यावर किंवा गनला बांधा आणि त्याला विसरून जा.

गनला बांधलेला कॅमेरा नेम छान दाखवतो, पण गन हलते तसं चित्र हलतं. डोक्यावरचा जास्त स्थिर, पण पट्टा हनुवटीखालून घट्ट बांधू नका, मास्क पटकन काढता आला पाहिजे. लोंबणारी दोरी नको.

सेटिंग फार गुंतागुंतीची नको. ४के, सेकंदाला ६० फ्रेम, रुंद कोन. ६० फ्रेममुळे भाला सुटण्याचा क्षण संथ करून दाखवता येतो. पाणी लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच खाऊन टाकतं, म्हणून तांबोशी व्हिडिओत राखाडी दिसते. लाल फिल्टर निळ्या, उजेडाच्या पाण्यात उपयोगी. कोकणच्या हिरव्या पाण्यात तो आहे तो उजेडही खातो, म्हणून मी काढून ठेवला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर असेल तर मध्येच रंग उडी मारतो, तो एका आकड्यावर पक्का करा आणि रंग नंतर एडिटिंगमध्ये सुधारा. आणि जवळ जा. पाण्यातल्या कणांमुळे दीड-दोन मीटरपलीकडचं सगळं धुक्यात जातं.

आपल्याकडच्या माणसाला खास सूचना धुळीची. कॅमेऱ्याच्या पाणी न शिरणाऱ्या डब्याच्या, म्हणजे केसच्या, कडेला रबरी ओ-रिंग असते. तिच्यावर डोक्याचा एक केस किंवा धुळीचा एक कण राहिला तर पाणी आत. आपल्या घरात, गाडीत, पिशवीत सगळीकडे ती बारीक काळ्या मातीची धूळ असते. केस घरीच, पंखा बंद करून, स्वच्छ कपड्यावर बंद करा. रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, आत ओल शोषणारी पुडी ठेवा. आधी कॅमेरा न घालता रिकामी केस पाच मीटर नेऊन आणा. कॅमेऱ्याला तरंगणारी मूठ लावली तर हातातून सुटला तरी वर येतो.

व्हिडिओ जोडताना मरणाचा क्षण ताणू नका. थांबणं दाखवा, पहारा देणारा जोडीदार दाखवा, सोडून दिलेले लहान मासे दाखवा. जागेचं नाव टाकू नका. एका व्हिडिओने एखादा खडक हंगामात रिकामा होतो.

९. घरी आल्यावर

सगळं सामान गोड्या पाण्याच्या टाकीत अर्धा तास बुडवून ठेवा, कॅमेऱ्याची केस बंद ठेवूनच. मग सावलीत वाळवा. आपलं ४२ अंशांचं ऊन गनचं रबर एका उन्हाळ्यात चिरतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली माझी पहिली दोन रबरं मे महिन्यातच गेली. रबर काढून, टाल्कम पावडर लावून, कपाटात. भाला वेगळा, टोकाला बूच लावून, लहान पोरांच्या हाती लागणार नाही असा.

मग पूर्ण फुटेज बघा, एडिट न करता, जोडीदाराबरोबर बसून. मासे बघू नका, घड्याळ बघा: किती सेकंद खाली, किती वर, वर आल्यावर किती सेकंद नजर. माझ्या दुसऱ्या हंगामातल्या एका बुडीत मी वर आल्यावर जोडीदार नवव्या सेकंदाला पाठ फिरवून गेलेला दिसतो. मीही त्याच्यासाठी तेच केलेलं दुसऱ्या क्लिपमध्ये सापडलं. आम्ही दोघांनी ते दोन्ही तुकडे तीन-तीनदा लावून पाहिले. पुढच्या खेपेला पाण्यात तोंड वर काढलं की समोर तो, आणि त्याची बोटं पाण्यावर एकेक मोजत, तिसापर्यंत.